अठ्ठेचाळीस सालाचं देणं

पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एकदा गावांवरून गप्पा चालल्या होत्या. मी सवयीप्रमाणे कोल्हापूरचं कौतुक सुरू केलं. तांबडा-पांढरा, रंकाळा आणि मग शाहू महाराज. शेजारचा मित्र म्हणाला, "आमचं मूळ गावही तिकडंच रे. अठ्ठेचाळीस साली घर जाळलं. आजोबा रात्रीत बाहेर पडले, ते परत गेलेच नाहीत." तो चिडून बोलत नव्हता. डब्यातली पोळी मोडता मोडता सांगत होता. मला काय बोलावं कळेना. सॉरी म्हणावं, तर मी काय केलं होतं? न म्हणावं, तर पाच मिनिटांपूर्वी मी शाहू महाराजांचं जे श्रेय मिरवत होतो, त्यात तरी माझं काय होतं?

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यात आहे. देशाच्या आयुष्यातलं एखादं वर्ष वारशात मिळतं, तेव्हा नक्की काय मिळतं?

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा नथुराम गोडसे पुण्याचा, चित्पावन ब्राह्मण. पुढच्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं आणि दुकानं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळला. आपल्याकडची जुनी माणसं याला फक्त 'जाळपोळ' म्हणतात. कुणी जाळलं, कुणाचं जळलं, हे त्या शब्दात येतच नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी यावर 'वावटळ' ही कादंबरी लिहिली. पण शाळेच्या पुस्तकात मी याबद्दल एक ओळही वाचल्याचं आठवत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात लाल किल्ल्यात गांधीखुनाचा खटला उभा राहिला. प्रत्येक आरोपीचं नाव होतं, पुरावे होते, बचावाला वकील होते. ज्याने प्रत्यक्ष गोळ्या घातल्या त्याच्यासाठी देशाने एवढी पद्धत पाळली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांचा निकाल आपल्या भागात आडनावावरून एका रात्रीत लागला होता.

सप्टेंबरमध्ये हाच प्रश्न मराठवाड्यात आला. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि निजामाची राजवट संपली हे चांगलंच झालं. १७ सप्टेंबर आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, तो योग्यच आहे. पण त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता असे अनेक मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

एकाच वर्षात मराठी मुलखात दोनदा एकाच्या गुन्ह्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल झाली. दोन्ही वेळा हिशेब जन्मावरून लावला.

यावर दोन सोपी उत्तरं मिळतात. पहिलं असं : "त्यामागे शेकडो वर्षांचा राग होता." राग होता, यात शंका नाही. ज्या कोल्हापुरात खुद्द छत्रपतींना जन्मावरून वेदोक्त मंत्र नाकारले गेले, तिथे तो असणारच. पण कारण सांगणं वेगळं आणि समर्थन करणं वेगळं. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणं हा वेदोक्त प्रकरणातला अन्याय होता. दोष जन्मावरून ठरवणं हा त्याचाच दुसरा अवतार झाला.

दुसरं उत्तर उलट बाजूचं : "बघा, ब्राह्मणेतर चळवळ शेवटी इथेच येऊन थांबली." हेही खोटं आहे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्या आदेशात शिक्षा कुणालाच नव्हती. कुणाचं घर गेलं नाही, मागच्या पिढीच्या चुकीबद्दल कुणाला दंड झाला नाही. पुढे रिकाम्या होणाऱ्या जागा कशा भरायच्या एवढंच बदललं. १९०२ मध्ये अन्यायाची दुरुस्ती झाली, १९४८ मध्ये सूड घेतला गेला. दोन्हींत जातीचा विचार आहे म्हणून दोन्ही सारखेच, असं म्हणता येत नाही.

हे सगळं मी तटस्थपणे लिहू शकलो असतो. पण मग मी आजीला विचारलं. "तेव्हा आपल्यातलं कोण होतं काय गं?" ती म्हणाली, "आता कशाला उकरून काढतोस बाळा." थोड्या वेळाने स्वतःच बोलली. आमची दोन एकरं कुळकायद्यातली. तो कायदा १९४८ चाच, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर आमच्याकडे आला. पणजोबा ती जमीन आधीपासून कसत होते. कसणाऱ्याची जमीन व्हावी हे मला आजही शंभर टक्के पटतं. "पण मालक तारखेला आलाच नाही," आजी म्हणाली. "जाळपोळीनंतर गाव सोडून गेला होता. यायची भीती वाटली असंल."

जमीन कायद्याने मिळाली आणि न्यायानेही. तरी समोरच्याला भीतीमुळे येता आलं नाही, ही गोष्ट त्या सातबाऱ्यावर कुठेच लिहिलेली नाही. त्याच जमिनीतल्या उसाच्या बिलावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली.

मग मी दोषी आहे का? दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने आपल्याच देशासमोर असा प्रश्न मांडला होता. गुन्हा व्यक्तीचाच असतो, अख्ख्या समाजाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण राज्याच्या कृत्यांच्या परिणामांची जबाबदारी नागरिकांना टाळता येत नाही, अशी त्याची मांडणी होती. मला हे माझ्या कामातून समजतं. जुना प्रोजेक्ट हातात आला की त्यातले बग मी लिहिलेले नसतात. तरी क्लायंटला "हे माझ्या आधीच्याने केलंय" असं सांगून चालत नाही. दोष त्याचा, दुरुस्ती माझी. आणि त्याने लिहिलेल्या चांगल्या कोडवर मी रोज पगार घेत असेन, तर फक्त बगच्या वेळी हात वर करणं हा लबाडपणा आहे.

म्हणून मित्रासमोर मी गुन्हेगार नव्हतो, पण अगदी त्रयस्थही नव्हतो. १९०२ 'आमचं' असेल तर १९४८ सुद्धा आमचंच आहे.

याच वर्षाने उत्तराची दिशाही दिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडला. मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं. त्यावर्षी गावं काय करू शकतात हे देशाने पाहिलं होतं. गुन्हा व्यक्तीचा, हक्कही व्यक्तीचा, हा नियम जानेवारीतल्या आणि सप्टेंबरमधल्या माणसांना मिळाला नाही. तो पाळणं हे आता आपल्याकडे आलेलं काम आहे. आज एखादी बातमी आली की आपण आधी आरोपीचं आडनाव बघतो. ग्रुपवर पहिला मेसेज त्यावरच येतो. पेट्रोल आणि काडी नसते, एवढाच फरक.

भालजी पेंढारकर कोल्हापूर सोडून गेले नाहीत. त्यांनी स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं'सारखे चित्रपट याच शहरात राहून दिले. त्यांचं मोठेपण आहेच, पण त्यावर आपला हिशेब मिटवता येणार नाही. जळलेल्याने माफ केलं असेल तरी जाळणाऱ्यांच्या गावाने आठवण ठेवायला हवी.

पुढच्या आठवड्यात मी मित्राला आजीने सांगितलेलं सगळं सांगितलं. जमिनीचंही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या घरात त्या गावाचं नाव काढत नाहीत."

"कुठलं गाव?" मी विचारलं.

त्याने नाव सांगितलं. आमच्या गावापासून बाइकवर तासाभराचा रस्ता. दिवाळीत तो येतो म्हणालाय. घर नसेल, पण जागा असेल.