आभासाच्या चौकांतील सदाचार

मनुष्य दुर्वर्तनापासून दूर राहतो तो कशामुळें, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोनें ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागांत गायजीसच्या अंगठीची कथा सांगितली आहे. ती अंगठी फिरविली कीं घालणारा अदृश्य होई. आणि आपणांस कोणी पाहत नाहीं असें कळतांच एका मेंढपाळानें राजाचा वध करून राज्य बळकाविलें. याच प्रश्नाची उलट बाजू आज वाहतुकीच्या शास्त्रज्ञांनीं, नकळत कां होईना, प्रयोगशाळेंत मांडून ठेविली आहे.

ड्रायव्हिंग सिम्युलेटर हें तें साधन. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एका मोठ्या घुमटांत खरी मोटार बसवितात. भोंवतालच्या पडद्यावर रस्ते, दिवे, पादचारी दिसतात, आणि घुमट स्वतः हलून ब्रेकचा हिसकाही चालकास जाणवून देतो. चौकांतील वर्तनाच्या अभ्यासास असें साधन विशेष सोयीचें. कारण पिवळा दिवा कोणत्या क्षणीं लागावा, हें संशोधकाच्या हातीं असतें.

तो क्षण किती नाजूक, हें १९६० सालीं गाझिस, हरमन व मारादुदिन यांनीं गणितानें दाखविलें. ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर, वेगानें येणारा चालक घ्या. भानावर येण्यास त्याला एक सेकंद लागला आणि मग वेग दर सेकंदास तीन मीटरनें घटेल अशा बेतानें त्यानें ब्रेक दाबला, तर थांबेपर्यंत सुमारें ५२ मीटर जातात. उलट, पिवळा दिवा तीनच सेकंद राहिला, तर त्याच वेगानें तो ४५ मीटरच पुढें जाईल. मधल्या सात-आठ मीटरांच्या पट्ट्यांत सांपडलेल्या सज्जनास रेषेआधीं थांबतांही येत नाहीं आणि तांबडा दिवा लागण्यापूर्वीं ती ओलांडतांही येत नाहीं. येथें दोष चालकाच्या शीलाचा नसून दिव्याच्या मुदतीचा आहे. अशा जागीं जिवंत पादचारी उभा करून प्रयोग करणें हा अधर्मच. म्हणून आभासाचा आश्रय सर्वथा योग्य होय.

परंतु मेंढपाळाच्या कथेंत अपाय खरा होता, पाहणारा नव्हता. येथें पाहणारे डोळे पदोपदीं आहेत, अपाय मात्र मुळींच नाहीं. मग आक्षेपक विचारील कीं, जो थांबला तो परीक्षकास बरें दिसावें म्हणून, आणि जो थांबला नाहीं तो कोणी मरणार नाहीं म्हणून; यांतून कळलें काय? आक्षेप वजनदार आहे, व शास्त्रज्ञांसही तो ठाऊक आहे. म्हणूनच ते निरपेक्ष व सापेक्ष प्रामाण्य असा भेद करतात. पडद्यावरील वेग रस्त्यावरील वेगाशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं. पण दोहोंपैकीं कोणत्या चौकांत चालक अधिक गोंधळतो, याचें उत्तर दोन्हीकडे एकच आलें, तर तेवढ्यापुरतें तें विश्वसनीय मानावें. यंत्रानें परीक्षा करावी ती चौकाची, चालकाच्या अंतःकरणाची नव्हे.

ही मर्यादा सुटली, आणि पडद्यावरील वर्तनावरून ‘अमका स्वभावतःच बेपर्वा’ असा निकाल दिला, कीं अन्याय झालाच. कारण सदाचार म्हणजे नुसतें थांबणें नव्हे. दुसऱ्याच्या जिवाची जाणीव राखून थांबणें होय. जेथें दुसरा जीवच नाहीं, तेथें ती जाणीव मोजावयाची कशी? तिची कसोटी अन्यत्र आहे. मध्यरात्रीं, पोलीस नसलेल्या चौकांत, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या बोटांत ती अंगठी असते. आणि अंधारांत कोणी रस्ता ओलांडीत असेल, हा संभव मात्र आभास नसतो.