बंदीचा कागद

पुस्तकबंदीचा अभ्यास करायचा तर आधी राजपत्र पाहावे लागते. पुस्तक सरकारजमा करायचे म्हणजे सरकारने अधिसूचना काढली पाहिजे आणि तीत कारणे दिली पाहिजेत. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 मध्ये आहे. कारण कागदावर आले की ते न्यायालयात तपासता येते.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. पुस्तक 2003 मध्ये आले. त्यातल्या काही मजकुराने लोक दुखावले, इतिहासकारांनी लेखी निषेध केला आणि नोव्हेंबरमध्ये प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतले. तरीही 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. लेखकाने ऋणनिर्देशात संस्थेचे नाव घेतले होते, म्हणून कपाटे फुटली, पोथ्या भिरकावल्या गेल्या. मग राज्य सरकारने बंदी घातली, तीही आधीच मागे घेतलेल्या पुस्तकावर!

त्या बंदीविरुद्ध उच्च न्यायालयात लेखक गेला नाही, प्रकाशकही गेला नाही. गेले ते संघराज रुपवते, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला. यांचा पुस्तकाशी संबंध काय, हा प्रश्न निघालाच. पण पुस्तकात हितसंबंध असलेल्या कोणालाही दाद मागता येते असे कायदा म्हणतो, आणि न्यायालयाने त्यात वाचकालाही जागा दिली. 2007 मध्ये बंदी रद्द झाली, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीसाठी समाजगटांत वैर निर्माण होईल असे कारण दिले होते, पण कोणत्या गटांत, हे अधिसूचनेत सांगितलेलेच नव्हते.

लेन यांचा तो वादग्रस्त मजकूर मलाही मान्य नाही. पण तो खोडून काढायचा तरी आधी वाचायला मिळायला हवा. सरकारी बंदीपेक्षा मला नोव्हेंबर 2003 मधली ती माघार जास्त घातक वाटते. बंदीचा आदेश न्यायालयाला रद्द करता येतो, पण घाबरलेल्या प्रकाशकाला पुस्तक पुन्हा छापायला लावता येत नाही. ग्रंथालयाने वादाच्या भीतीने एखादे पुस्तक घेतलेच नाही, तर त्याची कुठे नोंदही राहत नाही. पुढच्या संशोधकाला त्या पुस्तकाचा माग लागणार कसा?

म्हणून तुमच्या ग्रंथालयात एखादे पुस्तक नाकारले गेले, तर नुसते परत फिरू नका. कारण लेखी मागा आणि तो कागद जपून ठेवा.