वाटा किती मागावा?

वस्तू एक आणि मागणारे अनेक, अशी वेळ आली की न्यायाचा प्रश्न उभा राहतो. विहिरीचे पाणी असो की रुग्णालयातली खाट, प्रश्न तोच. हल्ली तो एका नव्या वस्तूबाबत विचारला जातो, आणि त्यात जुन्याच नीतीचा कस लागतो असे आम्हांस दिसून आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती वस्तू म्हणजे संगणकाचा ‘कोअर’. आमचे चिरंजीव मेलबर्नमध्ये सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर आहेत. त्यांच्याकडून समजून घेतले ते थोडक्यात सांगतो. कोअर म्हणजे हिशेब करणारा एक हात. पूर्वी प्रोसेसरला असा एकच हात असे. आज एकेका प्रोसेसरात ६४, १२८ कोअर असतात. एवढे मोठे यंत्र एका कामाला देणे म्हणजे पाहुणा एक आणि वाडा अख्खा. म्हणून एकाच सर्व्हरवर अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’ थाटतात. लोखंड एकच, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला आपला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे वाटते. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून ‘नेक्टर’ हा राष्ट्रीय संशोधन-क्लाउड याच रीतीने चालतो. नव्या संशोधकाला प्रथम लहानसा, मुदतीचा वाटा मिळतो. अधिक हवा असेल तर अर्ज करून कारण द्यावे लागते.

आता प्रश्न असा की कोणाला किती कोअर द्यावेत? एक रीत म्हणजे प्रत्येकाचे कोअर कायमचे राखून ठेवणे. दुसरी म्हणजे कोअर सामाईक ठेवून, आहेत त्यांहून अधिक कोअरांचे वचन देणे. ६४ कोअर असताना मिळून दोनशेंचे वचन! ऐकताना ही लबाडी वाटते. पण आम्ही जन्मभर परिचारिकेचे काम केले, त्यामुळे आम्हांला यात नवल वाटले नाही. व्हिक्टोरिया राज्याच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात दिवसा चार रोग्यांमागे एक नर्स असते, रात्री आठांमागे एक. प्रत्येक रोगी ‘माझी नर्स’ म्हणतो, आणि ते खोटे नसते, कारण चारही घंटा सहसा एकदम वाजत नाहीत. मात्र चाराचे बारा केले की तेच वचन फसवणूक ठरते. ती मर्यादा वरिष्ठांच्या मर्जीवर सोडता येत नाही हे अनुभवाने कळले, म्हणून तर कायदा झाला.

सामाईक सर्व्हरवर एखाद्या मशीनला काम करायचे असते, पण कोअर दुसऱ्याच्या कामात गुंतलेला असतो. अशा वेळी ते जितके ताटकळते तितका काळ लिनक्समध्ये वेगळा मोजता येतो, आणि त्याचे नाव आहे ‘स्टील टाइम’, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. यंत्र बांधणाऱ्यांनी योजलेला हा शब्द आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. रांगेत थांबलेल्या माणसाचा वेळ कोणी मोजत नाही; येथे तो मोजला तरी जातो.

याउलट राखीव कोअर रिकामा पडला असेल तर तोटा कोणाच्याच नावावर दिसत नाही. एका रुग्णालयात आम्ही असे पाहिले आहे. दुसऱ्या दिवशीच्या ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी खाट राखून ठेवलेली, चादर घडी न मोडलेली, आणि बाहेर बोळात एक वृद्ध बाई रात्रभर ट्रॉलीवर. नियम कोणी मोडला नव्हता. तरी त्या रात्री काही अन्याय झालाच नाही असे म्हणणे कठीण आहे.

मागणाऱ्याचीही काही नीती असते. काम दोन कोअरांचे असताना ‘असू द्यावेत’ म्हणून आठ मागण्याची सवय सार्वत्रिक आहे, असे चिरंजीव सांगतात. गंमत अशी की याने आपलेही काम कधी कधी मंदावते. व्हीएमवेअरच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एकाहून अधिक कोअरांच्या मशीनला तितके सगळे कोअर एकदम मोकळे मिळेपर्यंत थांबावे लागे. पंगतीत ‘आमची आठ पाने शेजारी शेजारीच मांडा’ असा हट्ट धरणारे कुटुंब उपाशी राहते आणि सुटासुटा आलेला जेवून जातो, तसे ते.

मग वाटा ठरवावा कशावरून? याचे एक उत्तर महाराष्ट्रात, संगणक घरोघरी येण्यापूर्वीच, दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा पाया घातला. तेथे पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने दिले: माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावायचा नाही, कारण ऊस बारमाही तहानलेला. कोणाचे पीक कोणाची तहान वाढवते, हे त्या नियमांनी पाहिले.

कॅनबेराच्या महासंगणकावरही असाच एक नियम आहे. त्याचे नाव ‘गडी’. नन्नवाल लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘शोधणे’. तेथील नेहमीच्या एका खणात ४८ कोअर असतात आणि त्यांच्यात वाटलेली स्मृती. एखाद्याने कोअर एकच मागितला, पण स्मृती सगळी अडवली, तर आकार सगळ्या खणाचा पडतो. बाकीचे ४७ कोअर त्याने वापरले नाहीत हे खरे; पण ते दुसऱ्यालाही वापरता येत नाहीत. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. वाटा केवळ आपण किती घेतले यावरून मोजू नये, दुसऱ्याला किती अडवले यावरूनही मोजावा.

त्याच ठिकाणची दुसरी रीत मात्र आम्हांस तितकी पटत नाही. नेहमीच्या रांगेत कोअरच्या तासाला २ एकके आकारतात, घाईच्या रांगेत ६. यामुळे उगाच घाई करणाऱ्याला आळा बसतो हे खरे, पण ज्याच्या गाठीशी एकके जास्त त्याची घाई मोठी ठरण्याचा धोका राहतो. ऑस्ट्रेलियातल्या अपघात विभागात रोग्यांचे पाच वर्ग करतात: पहिल्याकडे तत्काळ पाहायचे, दुसऱ्याकडे १० मिनिटांत, पाचव्याकडे १२० मिनिटांत. तेथे पैसे मोजून पाचव्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. नर्स नाडी पाहते, श्वास पाहते आणि ठरवते. थांबल्याने ज्याचे भरून न येणारे नुकसान होईल, त्याच्यासाठी राखून ठेवणे रास्तच. रुग्णालयाच्या यंत्रांना राखीव कोअर द्यावेत असे आम्हीही म्हणू. पण ते नुकसान कोणी तिऱ्हाइताने पाहून ठरवावे. आपले काम प्रत्येकालाच पहिल्या वर्गातले वाटते.

तिऱ्हाईत नेहमीच हाताशी असतो असे नाही. म्हणून बराचसा भार मागणाऱ्याच्या मनावरच पडतो. आपली गरज आधी मोजावी, मग मागावे. वापर संपला की वाटा परत करावा, मुदत संपण्याची वाट पाहू नये. सर्व्हरच्या दुसऱ्या टोकाला कोण थांबले आहे ते आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून तेथे कोणी नाही, असे मात्र समजू नये.