धूर कुणाच्या खात्यात?

ब्रिटनने १९९० ते २०२३ या काळात आपल्या भूमीवरचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन निम्म्याहून कमी केलं. २०२४ मध्ये तिथलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्रही बंद झालं. हे काम खरंच मोठं. त्याला नावं ठेवू नयेत. पण हिशेबाची रीत बघा. धूर ज्या देशात निघाला, त्याच्याच खात्यात मांडायचा. चीनमध्ये बनलेली किटली लंडनच्या स्वयंपाकघरात आली, तरी तिचा धूर चीनच्याच नावावर. वापरणाऱ्याच्या अंगाने केलेला हिशेबही ब्रिटनचं सरकार वेगळा काढतं. त्यातही घट आहे, पण तेवढी नाही.

आपल्याकडे दोष तीन वाटांनी लागतो : कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि होताना बरं मानलेलं. देशांची मुख्य वही ‘कृत’पाशीच थांबते. मग करवून घेणारा सुटला का? आणि करणाऱ्यालाही मालाचे पैसे मिळतात, म्हणून तोही मोकळा नाहीच. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तरच खरं कळेल.

हे देशांपुरतंच नाही, बायांनो. बेळगावात आपली इंडक्शनची शेगडी धूर काढत नाही. पण तिच्या विजेतली थोडी तरी रायचूरला कोळसा जाळून आलेली असते. ओटा स्वच्छ दिसतो, तेव्हा तेवढं आठवावं.