जाळ्याची पूजा

हबक्कूक हे हिब्रू बायबलमधलं जेमतेम तीन अध्यायांचं पुस्तक. फोनवर पंधरा मिनिटांत वाचून होतं. एरवी संदेष्टा देवाचा निरोप लोकांपर्यंत पोचवतो. इथे तो देवालाच जाब विचारतो. यहूदात हिंसा माजली आहे, न्याय वाकवला जातोय, आणि तू गप्प का? उत्तर येतं ते आणखी भयंकर: मी बाबेलचं सैन्य आणतोय.

हबक्कूक पुन्हा भांडतो. तो म्हणतो, हे तर कोळ्यासारखे आहेत. माणसांना माशांसारखं जाळ्यात ओढतात आणि मग त्या जाळ्यालाच धूप दाखवतात. गर्वाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आपल्याला यश देणारं साधन हाच आपला देव. (सिस्टीम चालली की तिचीच आरती ओवाळणाऱ्या आम्हा इंजिनिअरांना हे समजायला जड जाऊ नये.)

आता गर्विष्ठासमोर कोण उभा राहील? मला वाटलं होतं, नम्र माणूस. पण दुसऱ्या अध्यायात उभा आहे तो 'एमुना'ने जगणारा नीतिमान. मराठी बायबल तिथे 'विश्वास' म्हणतं. पौलाने हे वचन रोमकरांस लिहिलेल्या पत्रात घेतलं आणि पुढे ल्यूथरने त्यावर भर दिला, त्यामुळे तोच अर्थ रुळला. पण निर्गमच्या 17व्या अध्यायात हाच शब्द मोशेच्या हातांसाठी येतो. लढाई चालू असताना त्याचे उचललेले हात दुखू लागतात, अहरोन आणि हूर ते दोन्ही बाजूंनी धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहतात. हात काही मत बाळगत नाहीत. म्हणून मला आपला 'निष्ठा' हा शब्द जवळचा वाटतो. त्याच्या पोटात 'स्था' आहे, उभं राहणं.

ही सोशिकपणाची शिकवण आहे का? तसं वाटत नाही. त्याच अध्यायात रक्तावर शहर बांधणाऱ्याला शाप आहेत, भिंतीतला दगडही ओरडतो. तक्रार मागे घे, असं हबक्कूकला कुणी सांगत नाही.

माझं अडतं ते शेवटाशी. अंजिराला फूल नाही, द्राक्षं नाहीत, मेंढवाडा रिकामा, तरी हा आनंद करतो. उपाशी माणसाने हे स्वतः म्हणणं मी समजू शकतो. पोट भरलेल्याने त्याच्याकडून म्हणवून घेणं नाही. इ. स. पू. 586च्या सुमारास बाबेलने यरुशलेम पाडलं, त्याआधीच्या वेढ्यात लोक भुकेने तडफडले. त्यांना हे गाणं पुरलं असेल का?

पुस्तकाच्या अगदी शेवटी गायकांच्या प्रमुखासाठी एक सूचना आहे: हे तंतुवाद्यांवर. म्हणजे ते एकट्याने म्हणायचं नव्हतं.