तिचं उत्तर येईपर्यंत

लोणावळा लोकल सकाळी तळेगाव सोडते आणि वडगाव, कान्हे, कामशेत करत घाटमाथ्याकडे निघते. बायकांच्या डब्यात कुणी चिक्कीच्या कारखान्यात निघालेली असते, कुणी हॉटेलात, कुणी बंगल्यावर स्वयंपाकाला. कुठल्या डब्यात चढायचं, उतरल्यावर चालत जायचं की रिक्षा करायची, संध्याकाळी भाजी कुठून घ्यायची, हे त्यांच्या मनात आपोआप ठरत जातं. आपलंही तसंच. घराबाहेर पडेपर्यंत कितीतरी गोष्टी ठरवून झालेल्या असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. येरवड्याच्या महिला कारागृहातून सुटून आलेल्या बाईला मात्र हे पुन्हा शिकावं लागतं. आत उठायचं कधी, जेवायचं कधी, बराक उघडणार कधी, गिनती कधी, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. काही वर्षं अशी गेली, की भाजीवालीनं नुसतं "काय देऊ ताई?" विचारलं तरी गोंधळायला होतं.

अशा बायकांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला फार आदर आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९९० साली मुंबईत 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला, आणि तेव्हापासून त्याचे कार्यकर्ते तुरुंगात जाऊन बंद्यांना भेटतात, सुटल्यावरही सोबत राहतात. सोबत राहणं म्हणजे बरंच काही असतं. आधार कार्ड हरवलेलं असतं. रेशन कार्डावरून नाव गेलेलं असतं. नवऱ्यानं दुसरा संसार थाटलेला असतो. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्यानंतर ते नातेवाइकांकडे किंवा एखाद्या संस्थेत जातं. आई सुटून येते तेव्हा ते तिच्या जवळ यायला बिचकतं. २०२२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं येरवड्यातून 'जिव्हाळा' ही योजना सुरू केली. बंद्यांना ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज ७ टक्के व्याजानं मिळतं आणि ते तुरुंगातल्या कामाच्या मजुरीतून फिटतं. मला त्यातली रकमेपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. आत असलेल्या माणसाला घरासाठी पुन्हा काहीतरी ठरवता येतं. मुलीची फी भरायची की गळकं छप्पर शाकारायचं, हा विचार करायला ती व्यक्ती पुन्हा घरातली होते.

चांगली कार्यकर्ती हेच ओळखून असते. समजा, सुटून आलेल्या बाईला खोली बघायची आहे. लोणावळ्यात काम जवळ पडेल. कामशेतला कदाचित भाडं कमी पडेल, पण रोज लोकल धरावी लागेल. पवन मावळात माहेर आहे, पण तिथे घराघरात तिची गोष्ट माहीत आहे. कार्यकर्तीला मनातून उत्तर सुचलेलं असतं. तरी ती सांगत नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारते आणि थांबते. पलीकडून आधी "तुम्ही सांगाल तसं" येतं. ती पुन्हा थांबते. बँकेचा फॉर्म स्वतः दोन मिनिटांत भरून टाकता आला असता, पण ती शेजारी बसते आणि पेन तिच्या हातात देते. रांगेत मागचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. या थांबण्यातून बाई हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते. एक दिवस ती "मला कामशेतलाच राहायचंय" असं ठाम म्हणते, तेव्हा खोली मिळायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं.

हे थांबणं आपल्यालाही आज जमेल. प्रेमापोटी आपण माणसांच्या वतीनं किती ठरवून टाकतो! सासूबाईंना विचारताना आपणच म्हणतो, "भातच टाकते, चालेल ना?" मुलीनं कुठल्या शाखेला जायचं, हे ती बोलायच्या आधीच बोलून मोकळे होतो. हेतू चांगला असतो, पण समोरच्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही. आज एकदा तरी खरं विचारावं आणि उत्तर यायला वेळ लागला तर गप्प राहावं. आणि तुमच्या दुकानात, हॉटेलात किंवा घरी एखादी नवी बाई कामाला लागत असेल, कुठून आली, आधी काय करत होती ते नीट सांगत नसेल, तर तिला सकाळची पाळी हवी की दुपारची, एवढं तरी तिलाच ठरवू द्या. तिला मुलाला शाळेत सोडून यायचं असेल. पावसाळ्यात उशिरा परत जाताना लोकल चुकायची भीती वाटत असेल. तिची अडचण तिलाच ठाऊक. ती सांगेल.