सेसिल टेलर आणि श्रोत्याचा अधिकार

सेसिल टेलर (1929–2018) हा अमेरिकी पियानोवादक फ्री जॅझच्या प्रवर्तकांपैकी एक. जन्म न्यूयॉर्कचा, शिक्षण बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत. पहिली ध्वनिमुद्रिका 1956 ची, आणि त्यानंतरची सुमारे सहा दशके अखंड वादनाची. या काळात ठरावीक लय, ठरावीक कॉर्ड, ठरावीक लांबीची चाल हे जॅझचे नेहमीचे आधार त्याने एकेक करून सोडले. त्यामुळे त्याचे नाव निघाले की ‘सुरुवात कुठून करावी’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. वरवर पाहता हा ध्वनिमुद्रिकांच्या निवडीचा किरकोळ प्रश्न आहे. पण त्याच्या तळाशी तत्त्वज्ञानातली एक जुनी गाठ आहे.

ती गाठ प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात दिसते. जे आपल्याला ठाऊकच नाही ते शोधायचे कसे? ते समोर आले तरी तेच हे, असे ओळखणार कसे? संगीताला लावले तर पेच असा होतो: समजल्याशिवाय नीट ऐकू येत नाही आणि नीट ऐकल्याशिवाय समजत नाही. बहुतेक संगीताच्या बाबतीत हा पेच जाणवत नाही, कारण लहानपणापासून कानावर पडलेले बरेच काही आधीच जमा असते. टेलरच्या 1962 नंतरच्या वादनापुढे मात्र बहुतेकांची ही शिल्लक उपयोगी पडत नाही आणि पेच उघडा पडतो.

टेलरचे स्वतःचे म्हणणे या बाबतीत कडक होते. वादक तयारी करून येतो, तशी श्रोत्यानेही करावी, अशी त्याची भूमिका. केन बर्न्सच्या 2001 च्या ‘जॅझ’ या माहितीपट-मालिकेत सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसने ती सरळ उडवून लावली. बेसबॉलचा सामना बघायला जाण्याआधी कोणी मैदानात उतरून चेंडू अडवण्याचा सराव करत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. टाळी मिळवणारा युक्तिवाद आहे, पण पोकळ आहे. बेसबॉलचा प्रेक्षक सराव करत नसला तरी त्याला नियम ठाऊक असतात, शेकडो सामने त्याने पाहिलेले असतात. नियम न कळणाऱ्याला तोच सामना कंटाळवाणा वाटतो. मार्सालिसच्या प्रेक्षकाची तयारी झालेली आहे, फक्त ती केव्हा झाली हे त्याला आठवत नाही.

भारतीय परंपरेला तयारीची ही मागणी अजिबात विचित्र वाटणार नाही. वेदान्ताच्या ग्रंथांत विषय आणि प्रयोजन यांच्याबरोबर ‘अधिकारी’ कोण, हेही सुरुवातीलाच सांगायची पद्धत आहे. काव्यशास्त्रात अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन केले ते असे, की काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. बोलीभाषेत तानसेनासोबत कानसेनही लागतो असे म्हणतात, ते याच अर्थाने. मात्र अधिकाराच्या कल्पनेला एक दुसरी बाजूही आहे. अधिकार नाही असे ठरवून कोणाला दाराबाहेर ठेवणे हाही या देशातलाच अनुभव आहे, आणि अवघड कलेचे कैवारी तो मोह नेहमी टाळतात असे नाही. अभिनवगुप्ताच्या व्याख्येत निदान अभ्यासाला वाव आहे: आरसा जन्मतः स्वच्छ असावा लागत नाही, तो पुसता येतो. प्रश्न उरतो तो पुसायचा कशाने, हा.

या प्रश्नात अमेरिकी संगीतमीमांसक लेनर्ड मायर याचे ‘इमोशन अँड मीनिंग इन म्युझिक’ हे पुस्तक उपयोगी पडते. ते 1956 चे, म्हणजे टेलरच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्याच वर्षीचे. मायरच्या मते संगीतातला भाव अपेक्षेतून जन्मतो: पुढे काय येणार याचा अंदाज श्रोता बांधतो आणि तो अंदाज लांबतो, अडतो किंवा फसतो तेव्हा मन हलते. हे मान्य केले तर टेलरचे संगीत अवघड का वाटते याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर मिळते. श्रोता अपेक्षा घेऊन येतो, पण त्या चुकीच्या जागी ठेवतो. चाल परत येईल म्हणून तो थांबतो. ती येत नाही. ठेका मिळेल म्हणून पाय हलवतो, ठेका नाही. थोड्या वेळाने तो अपेक्षा ठेवणेच सोडून देतो, आणि मग उरतो तो निव्वळ गोंगाट. म्हणून चांगली सुरुवात ती, जिथे किमान एक अपेक्षा धरून ठेवता येते. ती कोणती असावी, यावर खरा मतभेद आहे.

नेहमीचा सल्ला असा, की सुरुवातीच्या मुद्रिका ऐकाव्यात, कारण त्यांत ओळखीच्या चाली आहेत. टेलरच्या 1956 च्या पहिल्या मुद्रिकेत, म्हणजे ‘जॅझ अ‍ॅडव्हान्स’मध्ये थेलोनियस मंकची ‘बेम्शा स्विंग’, ड्यूक एलिंग्टनची ‘अझूर’ आणि कोल पोर्टरचे एक लोकप्रिय गाणे आहे. सोबतीला सोप्रानो सॅक्सोफोनवर स्टीव्ह लेसी, बेसवर ब्यूएल नाइडलिंगर, ड्रम्सवर डेनिस चार्ल्स. 1960 च्या ‘द वर्ल्ड ऑफ सेसिल टेलर’मध्ये रॉजर्सच्या ‘साउथ पॅसिफिक’ या 1949 च्या ब्रॉडवे संगीतिकेतले ‘धिस निअर्ली वॉज माइन’ आहे. मूळ गाणे तीन मात्रांचे, हळवे. टेलर चाल सावकाश, ओळखता येईल अशी मांडतो आणि मग तिच्या सांध्यांत असे स्वरगुच्छ ठेवत जातो, की गाण्याचा हळवेपणा आतून पोखरला जातो. बेस आणि ड्रम्स मात्र शांतपणे आपली लय धरून असतात, त्यामुळे पियानो कुठे वाकला आणि कुठे सुटला हे कानाला दिसत राहते.

हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. पहिली अडचण अशी, की ओळखीची चाल तिला ओळखणाऱ्यालाच ओळखीची. न्यूयॉर्कच्या श्रोत्याने रॉजर्स आणि पोर्टर घरीदारी ऐकलेले असतात. पुण्या-मुंबईच्या किंवा मडगावच्या बहुतेक श्रोत्यांना आधी मूळ गाणे शोधून पाठ करावे लागेल आणि मग त्याची मोडतोड ऐकावी लागेल. दुसरी अडचण अधिक खोल आहे. या मुद्रिका टेलरला मोडतोड करणारा म्हणून ऐकायला शिकवतात. श्रोत्याला सवय लागते ती मूळ रूप मनात ठेवून त्यापासूनचे अंतर मोजण्याची. पुढच्या काळात मूळ रूपच नसते, मग अंतर कशापासून मोजणार? एका अपेक्षेवर सोय केली आणि पुढे तीच अपेक्षा आडवी आली, असा हा प्रकार. आतापर्यंतचे कळत होते, 1962 पासून कळेनासे झाले, असे म्हणणारे श्रोते बहुधा याच वाटेने आलेले असतात.

1962 मध्ये जे घडले ते ‘नेफर्टिटी, द ब्यूटिफुल वन हॅज कम’ या मुद्रिकेत ऐकू येते. त्या वर्षी 23 नोव्हेंबरला कोपनहेगनच्या कॅफे मोंमार्त्रमध्ये तिचे मुद्रण झाले. बेस नाही, टेलरबरोबर फक्त आल्टो सॅक्सोफोनवर जिमी लायन्स आणि ड्रम्सवर सनी मरे. मरे ठेका धरत नाही. मात्रा मोजण्याऐवजी तो सलग थरथर ठेवतो, ती दाटते आणि विरळ होते. लय नाहीशी झाली असे म्हणण्यापेक्षा मोजण्याचे एकक बदलले, असे म्हणणे बरे. मात्रेच्या जागी आता लाट आहे. ख्यालाच्या श्रोत्याला समेची वाट पाहण्याची सवय असते. इथे सम येणार नाही, हे त्याने आधीच धरून चालावे. मात्र एका छोट्या स्वरवाक्याची बढत होताना ऐकण्याची त्याची दुसरी सवय इथे कामाला येते.

ही दुसरी सवय सर्वांत चांगली वापरता येते ती ‘कॉन्किस्टाडोर!’ या 1966 च्या ब्लू नोट मुद्रिकेत, आणि सुरुवातीसाठी तिचेच नाव पहिले घ्यायला हवे. दोनच रचना, प्रत्येक बाजूला एक, प्रत्येकी वीस मिनिटांच्या आतली. वादक सहा: टेलर, लायन्स, ट्रम्पेटवर बिल डिक्सन, बेसवर हेन्री ग्राइम्स आणि अ‍ॅलन सिल्व्हा, ड्रम्सवर अँड्रू सिरिल. शीर्षक-रचनेत नेमून दिलेले स्वरवाक्यांचे तुकडे आहेत, ते अधूनमधून परत येतात, आणि त्यांच्या आगमनावर कान ठेवला की रचनेचे टप्पे कळू लागतात. डिक्सनचे वादन तर नवख्यासाठी मोठीच सोय आहे. भोवती सगळे उसळत असताना तो मोजके, लांब, जवळजवळ उदास स्वर लावतो. त्याच्या मागे पियानो काय करतो आहे हे त्यामुळे वेगळे काढून ऐकता येते. लायन्स वेगळी मदत करतो. त्याच्या वाक्यांत आधीच्या पिढीतल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची बोली स्पष्ट आहे, आणि 1986 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो टेलरच्या जुन्या आणि नव्या जगांमधला दुभाषी राहिला. या गटाचे काम चाले तेही पाश्चात्त्य स्वरलिपीच्या कागदांवर फारसे विसंबून नाही. टेलर स्वरवाक्ये पियानोवर वाजवून किंवा स्वरांची अक्षरे सांगून देई, वादक ती कानाने उचलत. गुरुमुखाने विद्या घेण्याची रीत माहीत असलेल्याला हे चटकन उमगेल.

एकल वादनासाठी ‘सायलेंट टंग्ज’ घ्यावी. जुलै 1974 मध्ये माँत्रो महोत्सवातल्या मैफलीचे हे मुद्रण. पाच भागांची मुख्य रचना आहे आणि तिच्यानंतर आग्रहाखातर वाजवलेले दोन छोटे तुकडे. हे दोन्ही मिळून दहा मिनिटेही होत नाहीत, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. त्यांतल्या ‘जिटनी नंबर टू’मध्ये टेलरची रीत जवळून दिसते. खर्जात एक आखूड, ठसठशीत तुकडा वाजतो. वरच्या पट्टीतून त्याला लगेच उत्तर येते. तुकडा पुन्हा येतो तो एखादा स्वर वाढवून किंवा टोक उलटे वळवून. दोन्ही हात आळीपाळीने पडतात, तळव्याने दाबलेले स्वरगुच्छ मध्ये शिरतात, आणि वेग वाढला तरी सवाल-जवाबाची चौकट सुटत नाही. ब्रिटिश लेखिका आणि छायाचित्रकार व्हॅलरी विल्मर हिने टेलरच्या पियानोला सुरात लावलेल्या अठ्ठ्याऐंशी ड्रम्सची उपमा दिली होती. ती इथे अक्षरशः पटते. धून शोधणारा कान इथे हात हलवत परततो. कोणता तुकडा परत आला, कुठून आला, त्याला काय जोडले गेले, एवढेच पाहणाऱ्याला भरपूर मिळते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. तासाभराच्या रचनेतले सुटे तुकडे ओळखणे म्हणजे ती रचना समजणे नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो असे नक्की म्हणाला असता. 1962 मध्ये श्रोत्यांची प्रतवारी करताना त्याने सर्वोच्च जागा दिली ती संपूर्ण रचनेचा सांगाडा कानात धरणाऱ्या तज्ज्ञाला. (जॅझबद्दल त्याचे मत इतके वाईट होते, की टेलरच्या श्रोत्याला तो कोणत्याही प्रतीत बसवायला तयार झाला असता की नाही, शंकाच आहे.) याच्या विरुद्ध टोकाला अमेरिकी तत्त्वज्ञ जेरल्ड लेव्हिन्सन. ‘म्युझिक इन द मोमेंट’ या 1997 च्या पुस्तकात त्याने एकोणिसाव्या शतकातल्या एडमंड गर्नीचा विचार पुढे नेत असे मांडले, की संगीताची मूलभूत समज क्षणाक्षणाच्या सांधेजोडीत असते: आताचा तुकडा मागच्यातून कसा निघाला आणि पुढच्याकडे कसा झुकतो, हे अनुभवता आले की बहुतेक काम झाले. लेव्हिन्सनच्या पुस्तकाचा भर पाश्चात्त्य अभिजात संगीतावर आहे, आणि तिथे त्याचे म्हणणे वादग्रस्तच आहे. पण टेलरच्या बाबतीत ते अधिक खरे ठरते, कारण टेलर स्वतःही बराचसा असाच पुढे सरकतो, तुकड्याला तुकडा जोडत. मेनोची गाठही इथे थोडी सैल होते. सगळे ठाऊक नाही आणि काहीच ठाऊक नाही, यांच्यामध्ये जागा आहे. ओळखीचा झालेला एक तुकडा पुढच्याची अपेक्षा निर्माण करतो; म्हणजे अपेक्षा बाहेरून आणावी लागत नाही, ती ऐकता ऐकताच तयार होते.

काही वाटा दिसायला सोप्या पण फसव्या आहेत. 1958 च्या एका मुद्रिकेत टेलरबरोबर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आहे, आणि पुढे ती कोल्ट्रेनच्याच नावाने पुन्हा निघाली. नाव मोठे, पण ट्रम्पेटवादक केनी डॉरम आणि टेलर यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. 1977 ची कार्नेगी हॉलमधली ‘एम्ब्रेस्ड’ही तशीच. मेरी लू विल्यम्स जॅझचा इतिहास पियानोवर मांडू पाहते आणि टेलर तिला त्यात राहू देत नाही. त्यापेक्षा ड्रमवादक मॅक्स रोचबरोबरची 1979 ची कोलंबिया विद्यापीठातली मैफल पुष्कळ बरी. त्यात आधी दोघे वेगवेगळे वाजवतात आणि मग एकत्र येतात, म्हणून कोण काय घेऊन आला हे कळते. 1988 मध्ये बर्लिनमध्ये महिनाभर चाललेल्या मैफलींचा अकरा सीडींचा संच मात्र पहिल्या वर्षात उघडू नये.

शेवटची वाट डोळ्यांची. टेलरला नृत्याचे मोठे आकर्षण होते. नर्तक अवकाशात झेप घेतो तसे काही आपण पियानोवर करू पाहतो, असे तो सांगे. बॅले-नर्तक मिखाइल बारिश्निकोव्ह आणि जपानी नर्तक मिन तानाका यांच्याबरोबर त्याने काम केले. ध्वनिमुद्रणात हा भाग गळून जातो. रॉन मानच्या ‘इमॅजिन द साउंड’ या 1981 च्या माहितीपटात तो परत मिळतो: हात किती उंचावरून येतात, कोपर केव्हा वळते, स्वरगुच्छानंतर हात किती वेळ हवेत राहतो, हे सगळे त्यात पाहता येते. नुसत्या ऐकण्यात जी थांबण्याची जागा अचानक वाटते, ती पाहताना आधी शरीरात तयार झालेली दिसते. ‘कॉन्किस्टाडोर!’ दोनदा ऐकूनही ज्याच्या हाती काही लागले नाही, त्याने तिसऱ्यांदा ऐकण्याआधी हा माहितीपट पाहावा.